व्यंजन आणि व्यंजना : चव, नाद आणि दळणारीचा प्रश्न

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त रससिद्धान्त ज्या दृष्टान्तावर उभा केला आहे तो स्वयंपाकघरातला आहे. सहाव्या अध्यायातील तो गद्य भाग सर्वपरिचित आहे. व्यंजने, औषधी आणि द्रव्ये एकत्र आली म्हणजे अन्नात रस उतरतो, तसा तो भावांच्या संयोगातून नाट्यात उतरतो. आणि संस्कारित अन्न खाणारे ‘सुमनस्’ पुरुष जसे संतोष पावतात तसेच सुमनस् प्रेक्षकही. मराठी समीक्षेने या दृष्टान्ताची दखल घेतली नाही असे नाही. परंतु ती बहुधा पायरी म्हणून घेतली. पायरी चढून वर गेले की लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त यांची चर्चा सुरू होते आणि अन्न मागे राहते. प्रस्तुत लेखात त्या पायरीवरच थोडा वेळ थांबायचे आहे, कारण त्या दृष्टान्तात एक जागा रिकामी आहे. अन्नावर संस्कार झालेले आहेत. ते कोणी केले याचा निर्देश नाही. खाणारा आहे, त्याचे मन आहे, त्या मनाची प्रसन्नताही आहे. रांधणारी व्यक्ती मात्र ‘संस्कृत’ या कर्मणी कृदन्ताच्या आड उभी आहे.

हा व्याकरणाचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. परंतु गेल्या काही दशकांत चव आणि नाद यांचे हेतुपूर्वक मिश्रण करण्याचे जे प्रयोग झाले आहेत त्यांनी तीच रिकामी जागा पुन्हा, आणि अधिक स्पष्टपणे, दाखवून दिली आहे. कल्पना तशी जुनी. ह्युस्मान्सच्या १८८४ च्या कादंबरीतला नायक निरनिराळ्या मद्यांचा एक ‘ऑर्गन’ तयार करून घेतो आणि प्रत्येक मद्याला एकेक वाद्य नेमून देऊन जिभेवर संगीत वाजवतो. मारिनेत्तीने १९३० साली भविष्यवादी पाककलेचा जाहीरनामा काढला व १९३२ साली त्याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जेवणाच्या पानाबरोबर आवाज आणि वास यांचीही योजना होती. नवीन आहे ती प्रयोगशाळेची साक्ष. चार्ल्स स्पेन्स आणि मास्सिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ साली दाखवून दिले की बटाट्याचा काप चावताना होणारा आवाज वाढवून खाणाऱ्याच्या कानी घातला तर तोच काप त्याला अधिक ताजा आणि कुरकुरीत वाटतो. २००७ साली इंग्लंडमधील ‘द फॅट डक’ या उपाहारगृहात हेस्टन ब्लूमेंथल यांनी सागरी पदार्थांच्या एका पानाबरोबर शंखात दडवलेल्या यंत्रातून लाटांचा आवाज ऐकवायला आरंभ केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याने फुगवलेली तीच टॉफी एका ध्वनिपटाबरोबर अधिक गोड व दुसऱ्याबरोबर अधिक कडवट वाटल्याचे नोंदले गेले. उंच पट्टीचे स्वर गोडाशी आणि खर्जातले स्वर कडूशी जोडण्याकडे माणसांचा सर्वसाधारण कल दिसतो. केक-पाव भाजणाऱ्यांनी या निष्कर्षांचा उपयोग करून घ्यावा, साखर कमी करून ती उणीव सुरांनी भरून काढावी, अशी सूचना यातून निघते, आणि ती हास्यास्पद नाही.

तत्त्वज्ञानाच्या परंपरेला मात्र ती पचणे कठीण आहे. कान्टने १७९० च्या ‘निर्णयशक्तीच्या मीमांसे’त कॅनरी बेटांवरील मद्याचे उदाहरण घेऊन ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांची फारकत केली. मद्य मला आवडते, एवढेच मी म्हणू शकतो. इतरांनीही ते मान्य करावे असा दावा करू शकत नाही. हेगेलने कलेसाठी दोनच इंद्रिये राखून ठेवली, डोळा आणि कान. जीभ, नाक व त्वचा यांचा संबंध जड द्रव्याशी येतो. चाखायचे तर पदार्थ नष्ट करावा लागतो. म्हणून ती इंद्रिये कलेच्या दाराबाहेर. या विभागणीत कान दाराच्या आत आणि जीभ बाहेर राहिली. परंतु कान्टला स्वतःला कानाचीही पुरती खात्री नव्हती. संगीत नको असलेल्याच्या कानातही शिरते, जसा खिशातून काढलेल्या सुगंधी रुमालाचा वास शेजाऱ्याच्या नाकात शिरतो, अशी तक्रार त्याच ग्रंथात त्याने केली आहे. म्हणजे दार पूर्णपणे बंद नव्हते. आणि पदार्थ नष्ट होण्याचेच म्हणायचे तर सूरही उमटता उमटता नष्ट होतो.

मराठीत मर्ढेकरांनी लयतत्त्वाची जी मांडणी केली तिच्यातील संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध संवेदनांमधले आहेत. ते चवीच्या संवेदनांना का लागू पडू नयेत याला तत्त्वतः उत्तर देणे सोपे नाही. मासवडीच्या सारणातील तीळ-खोबऱ्याचा स्निग्धपणा, बेसनाच्या आवरणाचा सौम्यपणा आणि सोबतच्या रश्श्याचा जाळ यांत विरोधही आहे आणि समतोलही. जुन्नर, आंबेगावकडच्या माणसाला हे सौंदर्यशास्त्राविना कळते. अडचण निराळ्या ठिकाणी येते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार उलगडून दाखवला. चव आणि नाद यांच्या मिश्रणाचे आजचे प्रयोग वरवर पाहता लौकिकतावादी वाटतात. भूक, जीभ, लाळ यांच्याशी त्यांचा व्यवहार आहे. प्रत्यक्षात ते अलौकिकतावादाचे टोक गाठतात. खाणाऱ्याभोवती एक बंद कोठडी तयार केली जाते. तिच्यात चव आहे, नाद आहे, प्रकाश आहे, आणि या सर्वांचा एकमेव उद्देश त्याचा अनुभव हा आहे. धान्य, कणीक, भट्टी, भाजणारा, गाणारा हे सारे त्या कोठडीबाहेर. भरताचा सुमनस् पुरुष येथे अधिक एकाकी होऊन परत आला आहे.

भाषेत मात्र या दोन क्षेत्रांची सरमिसळ पूर्वीपासून आहे आणि ती आकस्मिक नाही. ‘षाडव’ हा शब्द घ्या. रसाच्या त्याच चर्चेत भरत गूळ आणि औषधी मिसळून केलेल्या पेयप्रकाराला षाडव म्हणतो, आणि पुढे स्वरविचारात सहा स्वरांच्या रचनेलाही हेच नाव आहे. आपण ‘गोड गळा’ म्हणतो, ‘मुरलेले गाणे’ म्हणतो, ‘कसदार आवाज’ म्हणतो. मुरणे लोणच्याचे आणि कस धान्याचा. सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘व्यंजन’ हा आहे. तोंडी लावण्याचा पदार्थ म्हणजे व्यंजन. स्वराच्या आधाराशिवाय उच्चारता न येणारा वर्ण म्हणजे व्यंजन. आणि शब्दाची जी शक्ती वाच्यार्थापलीकडचे काही प्रकट करते ती व्यंजना. तिन्हींच्या मुळाशी प्रकट करण्याची क्रिया आहे. तोंडी लावणे मुख्य अन्नाची चव प्रकट करते, म्हणून ते व्यंजन. आता केकबरोबर संगीत ऐकवले जाते तेव्हा ते संगीत पहिल्या अर्थाने व्यंजन होते यात शंका नाही. तिसऱ्या अर्थाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

चव आणि नाद यांना जोडण्याच्या रीती एकाच प्रकारच्या नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. एक रीत नियमाने केलेल्या रूपांतराची. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरी म्हणजे नाद नव्हे. स्पंदक ताऱ्याचे स्पंद ध्वनिवर्धकातून ऐकवता येतात खरे, पण ते एका माध्यमातील आकडे दुसऱ्या माध्यमात मांडण्याच्या संकेतामुळे. तारा गात नाही. याच न्यायाने एखादी चवही स्वरांत ‘लिहिता’ येईल. परंतु अशा लेखनाने चवीबद्दल काही सिद्ध होत नाही. दुसरी रीत साहचर्याची. लाटांचा आवाज ऐकताना मासा अधिक ताजा वाटतो तो या रीतीने. स्मृती आणि सवय यांवर ती चालते. तिसरी रीत कार्यकारणाची आहे. एकाच कृतीतून चवही निघते आणि नादही निघतो. या तिसऱ्या रीतीकडे प्रयोगकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते, कारण तिच्यात नाद खाणाऱ्याच्या कानासाठी नसतो.

कोणत्याही स्वयंपाकघरात उभे राहून ऐकले तरी हे ध्यानात येते. मोहरी तडतडली की नाही हे कान ठरवतो. फोडणीवर पालेभाजी पडल्यावर उठणारा चरचराट मंदावला की पाणी आटत आले. भाकरी थापताना हाताखाली जाडी कमी होत जाते तसा थापेचा आवाज बदलतो. भट्टीतून काढलेल्या पावाचे कवच निवताना बारीक तडे जाऊन कडकडते. ते ऐकून पाव नीट भाजला गेल्याचा अंदाज युरोपातील भटारी बांधतात. हे सर्व नाद करणाऱ्याचे आहेत. त्याला ते माहिती देतात, हाताला सूचना देतात. पानावर बसलेल्याला त्यांतील एखादाच ऐकू येतो, आणि तोही भूक चाळवण्यापुरता. कान हे रांधणाऱ्याचे हत्यार आहे. नव्या प्रयोगांनी तो खाणाऱ्याच्या स्वाधीन केला. यात पाप झाले असे मी म्हणत नाही. पण बदल लहान नाही.

जाते हे या तिसऱ्या रीतीचे सर्वांत समृद्ध उदाहरण आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर टेकलेले आहेत. नाणेघाट, भीमाशंकर या बाजूला भात, नाचणी, वरई पिकते आणि महादेव कोळ्यांची वस्ती आहे. पूर्वेला पाऊस ओसरत जातो तसा बाजरी-ज्वारीचा मुलूख लागतो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी त्या मुलखात पुढे ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आणली, पण ती नंतरची गोष्ट. बाजरीचा एक गुणधर्म येथे महत्त्वाचा आहे. तिच्यात स्निग्धांश तुलनेने जास्त असतो. दाणा अखंड आहे तोवर तो सुरक्षित राहतो. दाणा फुटून पीठ झाले की विकरांची क्रिया सुरू होते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू पडते. म्हणून बाजरीचे दळण आठवड्यांचे एकदम करून ठेवता येत नाही. ज्या घरात बाजरी खाल्ली जाई त्या घरात जाते वारंवार, बहुधा रोजच, फिरवावे लागे. आणि दिवसाची इतर कामे उभी राहण्यापूर्वी, म्हणजे पहाटे, फिरवावे लागे. ओवीचा पहाटेशी जो संबंध आपण काव्यमय समजतो त्याच्या मुळाशी पिठाचे हे कडू पडणे आहे. चव टिकत नव्हती म्हणून नाद रोजचा होता.

ओवीची ऐतिहासिक साक्षही धान्यापासून सुटलेली नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे मराठी गीतप्रकाराची जी प्राचीन नोंद उपलब्ध आहे तिच्यात उखळ, मुसळ आणि गाणारी बाई एकत्रच येतात. ज्ञानदेवांच्या ग्रंथाची ओवी त्यानंतरची. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र ग्रंथातील ओवी मुख्य प्रवाहात आली आणि जात्यावरची ‘लोकसाहित्य’ या स्वतंत्र दालनात गेली. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले त्यातील श्लेष अजूनही पुरता वापरला गेलेला नाही. सुमनस् ‘पुरुषां’साठी उभारलेल्या आस्वादशास्त्राला हे वाङ्मय अक्षरशः अपौरुषेय आहे.

जात्यावरील नादाची अंतर्रचना पाहिली तर त्याला ‘पार्श्वसंगीत’ म्हणणे का चुकीचे आहे ते कळते. समोरासमोर बसलेल्या दोन बायका एकच खुंटा धरतात. एकीचा हात ओढतो तेव्हा दुसरीचा ढकलतो. मोकळ्या हाताने मुठीमुठीने धान्य सोडले जाते. या मुठीला वैरण म्हणतात आणि घासही म्हणतात. जात्याच्या तोंडात घास. मूठ कमी पडली की घरघर कोरडी होते, जास्त पडली की जड होते आणि पीठ भरड येते. ओवीचा चरण, श्वास, हाताचा फेरा आणि मूठ सोडण्याची वेळ यांची सांगड बसलेली असते. एकीने चरण सोडला तर दुसरी उचलते. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते ही म्हण म्हणूनच केवळ लाक्षणिक नाही. ओवीचे स्मरण देहाच्या त्या हालचालीत साठवलेले असते. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते; टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात कच येते, म्हणून ते दळण कोंड्याचे किंवा निकृष्ट धान्याचे करतात. पिठाची जाडी, त्याचा स्पर्श, भाकरीचा पापुद्रा सुटणे, आणि म्हणून चव, हे सारे त्या नादाशी एकाच कारणाने बांधलेले आहे. बेकरीच्या भाषेत सांगायचे तर येथे ध्वनी हा पदार्थावर वरून पसरलेला थर नाही. तो कणकेच्या अगोदरचा आहे.

पण खाणाऱ्याला यातील काय कळते? ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरील निबंधात सांचो पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. एकाला पिंपातील मद्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची, लोक हसतात, पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली किल्ली सापडते. ही गोष्ट सूक्ष्म अभिरुचीचे समर्थन म्हणून सांगितली जाते. तिच्याशेजारी मार्क्सचे ‘भांडवला’तील एक साधे निरीक्षण ठेवावे: गव्हाच्या चवीवरून तो कोणी पिकवला हे कळत नाही. किल्ली कळते, कामकरी कळत नाही. जीभ दगडाची कच ओळखील, जळकेपणा ओळखील, पीठ शिळे आहे हे ओळखील. पहाटे दळताना गायलेली ओवी तिला लागणार नाही. ओवीत सासरचा जाच असेल, माहेरची वाट असेल, पंढरीचा विठ्ठल असेल. भाकरी या सर्वांविषयी मूक आहे. आणि ओवी तर खाणाऱ्यासाठी गायलेली नसतेच. पुष्कळदा ती खाणाऱ्याविषयीची, आणि तो झोपेत असताना केलेली, तक्रार असते.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो, तो एका कल्पित पण आज अगदी शक्य असलेल्या प्रसंगाच्या साह्याने मांडतो. समजा, जुन्नरमधील एखाद्या तरुण बेकरी चालकाने नाचणीचा केक केला. प्रयोग सोपा नाही. नाचणीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे केक फुगल्यावर बसतो किंवा भुसभुशीत होऊन सुटतो. अंडी, केळ्याचा गर किंवा थोडा मैदा यांचा आधार द्यावा लागतो. गुळाने तिचा मातकट तुरटपणा झाकतो, पण पुरता झाकू द्यायचा नाही यातच कौशल्य आहे. समजा, हे त्याला उत्तम साधले. आणि मग गिऱ्हाईक तो केक खात असताना त्याने जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण लावले. ऑक्सफर्डचा निष्कर्ष येथे मजेदार पेच निर्माण करील: जात्याची घरघर खर्जातली, ती कडवटपणा वाढवणार, बायकांचे उंच सूर गोडी वाढवणार. दोन्ही एकदम. कदाचित नाचणीला तेच मानवेल. गिऱ्हाइकाला तो केक अधिक सखोल, अधिक ‘मातीचा’ वाटेल. त्याचे सुमनस्कत्व खोटे असेल असे नाही. मग चुकले कोठे?

पहिले उत्तर असे दिले जाईल की ओवी तिच्या संदर्भातून तोडली, म्हणून हा अन्याय आहे. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. संदर्भ तोडल्याशिवाय कोणतीही कृती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या छापल्या तेव्हाही हात, खुंटा आणि घाम मागेच राहिले, आणि तरी ते पुस्तक झाले हे चांगलेच झाले. शिवाय ‘मूळ संदर्भा’चा आग्रह धरणाऱ्याने तो संदर्भ काय होता हे सांगितले पाहिजे. १९८० नंतरच्या देशीवादी चर्चेत जाते फार लवकर प्रतीक बनले. प्रतीकाला पाठदुखी नसते. गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते सोडले, आणि ते आनंदाने सोडले. पहाटेची झोप, वाचलेले तास, खांद्यांना मिळालेली विश्रांती यांच्या बदल्यात ओवी गेली असेल तर तिच्यासाठी हळहळण्याचा अधिकार ज्याने कधी खुंटा ओढला नाही त्याला कितपत आहे? गिरणीने ओवी संपवली आणि न्यायही केला. या दोन विधानांतील एकच पत्करून दुसरे टाळता येत नाही.

दुसरे उत्तर अधिक बळकट आहे. केकबरोबर वाजणाऱ्या ओवीत दळणारीचा शब्द व्यंजन होतो आणि व्यंजना थांबते. तिच्या सासुरवासाच्या चरणाचे काम आता नाचणीचा तुरटपणा खुलवणे एवढेच. ऐकणाऱ्याला शब्द समजले तर परिणाम बिघडेल. म्हणून ते न समजणेच सोयीचे. कोणाचे तरी म्हणणे ऐकायचे आणि त्यातील म्हणणे वगळायचे, हा प्रकार वाद्यसंगीताच्या बाबतीत उद्भवत नाही. लाटांच्या आवाजाबाबत तर नाहीच, समुद्र काही म्हणत नसतो. ओवी मात्र म्हणत असते. आणि साधारणीकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेऊनही यातून सुटता येत नाही. अभिनवगुप्ताच्या विवेचनात व्यक्तिविशिष्ट दुःख साधारण होऊन आस्वाद्य होते. तथापि ते दुःख म्हणून प्रतीत होते, करुण म्हणून. पानकरसात निरनिराळी द्रव्ये एक होऊन वेगळाच आस्वाद देतात, पण मिरीचा तिखटपणा त्यात लोपलेला नसतो. येथे मिरी पिळून तिचा फक्त रंग घेतला आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप असा की दळणारीला स्वतःला हे चालत असेल तर समीक्षकाने का बोलावे. तिचे गाणे कोणी ऐकते आहे, त्याचे पैसे मिळत आहेत, हे तिला मोलाचे वाटू शकते. हा आक्षेप झटकता येत नाही, आणि त्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडमालक आपल्या राहुट्या उभारतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. जत्रेत चव आणि नाद यांचे मिश्रण कोणीही न योजता घडते: जिलेबी, गोडी शेव, रेवडी, आणि वर हलगी, ढोलकी, तुणतुणे. येथे गाणारी आपला नाद जाणूनबुजून, कसबाने विकते. तो तिचा धंदा आहे आणि त्यात तिचा मान आहे. तरीही विठाबाई नारायणगावकरांच्या (१९३५–२००२) आयुष्यातील जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, प्रयोग चालू असताना प्रसूत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची, ती आपण कोणत्या स्वरात सांगतो? बहुधा कौतुकाच्या. कलानिष्ठेची गोष्ट म्हणून ती खरीच आहे. पण तिच्यात दुसरी एक बाजू प्रेक्षकाचीही आहे. त्याचा आस्वाद खंडित होऊ नये यासाठी कोणाच्या देहाने काय मोजले, याची. मोबदला मिळाल्याने हा हिशेब मिटतो असे वाटत नाही, आणि मोबदल्यावाचून तर तो सुरूही होत नाही. तमाशात निदान गाणारीचे नाव फडाच्या नावात असते. दळणारीचे कोठेच नव्हते. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा तो काळ. धान्य विकणारे दगडावर आले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम केले ते या दृष्टीने केवळ संकलन नाही. लाखाहून अधिक ओव्या त्यात आल्या, आणि पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या तेव्हा ओवीसोबत गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका हेही दिले. ‘अनामिक लोकप्रतिभा’ या शब्दप्रयोगाची सवय असलेल्या आपल्या अभ्यासाला ही नोंदवहीसारखी माहिती गद्य वाटेल. माझ्या मते ती समीक्षेचा भाग आहे. बेकरीतल्या त्या कल्पित केकाशेजारी असे नाव लिहिले, ओवीचा अर्थ सांगितला, तर व्यंजना पुन्हा सुरू होईल का? काही अंशी होईल. त्याच वेळी केक खाणे थोडे अवघड होईल, घास घशाशी थबकेल. आणि प्रयोगकर्त्याला गिऱ्हाइकाचे असे थबकणे परवडते का, यावर त्याच्या प्रयोगाची जात ठरेल. परवडत असेल तर तो प्रयोग कलेच्या बाजूला झुकेल आणि भरताच्या दृष्टान्तातील रिकाम्या जागेत कोणी तरी येऊन बसेल.

एक तपशील मात्र अजून सुटत नाही. आज सांस्कृतिक कार्यक्रमांत ओवी सादर होते तेव्हा व्यासपीठावर जाते ठेवतात. रिकामे जाते फिरवू नये असा जुन्या बायकांचा दंडक. दगडावर दगड घासून दोन्ही झिजतात, आणि ते अशुभही मानतात. म्हणून पसाभर धान्य आणलेले असते. दोन-चार ओव्या होतात, ध्वनिमुद्रण होते, टाळ्या होतात, सतरंजीवर जात्याभोवती थोडेसे पीठ पडलेले दिसते. ते पीठ कोणी भरून घेते का, आणि घेतले तर त्याची भाकरी कोणाच्या घरी होते, हे मी अनेक वृत्तान्तांत शोधले. त्याची नोंद कोणी केलेली नाही.